माठावर ऑर्किड : त्या मेसेजमधलं अर्धंच खरं आहे

"माठात पाणी भरा, बाहेरून छोटी ऑर्किड बांधा, मग वर्षभर बघायला नको, सोलापूरच्या उन्हातही फुलतात" असा मेसेज फिरतोय. यातलं पाणी झिरपण्याचं खरंय, पण "बघायला नको" हे साफ चूक आहे आणि त्यापायी लोकांची झाडं जातायत म्हणून लिहितेय.

भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, माठाची पाठ ओली राहते. ऑर्किडच्या मुळावर स्पंजसारखं पांढरं आवरण असतं ते हा ओलावा शोषतं, भिजलं की मूळ हिरवट दिसतं, बघायला फार छान वाटतं. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो, हवा कोरडी, त्यामुळे ओल मुळापर्यंत पोचायच्या आधीच उडून जाते. माझ्याकडे गेल्या उन्हाळ्यात सकाळी भरलेला माठ संध्याकाळी बराच रिकामा असायचा आणि मुळांची टोकं वाळून तपकिरी झाली. त्यात बोअरचं पाणी, महिन्याभरात माठावर पांढरे क्षार चढले, मुळांना हे क्षार चालत नाहीत आणि छिद्रंही बुजतात. पावसाचं नाहीतर आरओचं पाणी घाला, माठ सावलीत ठेवा, उन्हाळ्यात रोज भरा.

आणि मेसेजच्या फोटोत मॅसडेव्हालिया नावाची ऑर्किड आहे, ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या थंड, धुक्याच्या जंगलातलं झाड, आपल्या उन्हाळ्यात नुसत्या माठाच्या गारव्यावर ते टिकत नाही, कृपया त्यावर पैसे घालवू नका. रंगवलेला माठही घेऊ नका, त्यातून पाणी झिरपतच नाही.