पसरणी घाटातले थर पुराच्या गाळाचे नाहीत

सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या घाटातल्या कड्याचा फोटो आणि त्याखाली एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: सह्याद्रीचे आडवे थर म्हणजे बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयात साचलेला गाळ, पृथ्वीचं वय जेमतेम 6 हजार वर्षं, कार्बन डेटिंग खोटं, आणि आपली मनू-मत्स्याची कथाही त्याच प्रलयाची साक्ष. माझ्या मावसभावानं तो मला पाठवला आणि विचारलं, "दादा, हे खरं का?"

गाळ म्हणजे काय, हे आम्हा सांगलीकरांना कुणी सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. पाणी ओसरलं तेव्हा आमच्या फरशीवर चार बोटं चिखल बसला होता. वाळल्यावर त्याला भेगा पडल्या, आणि ढेकूळ बोटांत चिरडलं की पीठ व्हायचं. आता वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटातला दगड हातात घेऊन बघा. काळा, जड, कुठे कुठे भोकं, काही भोकांत पांढरे स्फटिक. वितळलेला दगड थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही भोकं. पुढे त्यांत खनिजं भरली. विहीर खोदणारी माणसं अशा दगडाला मांजऱ्या म्हणतात. पुराच्या चिखलातून असा दगड होत नाही.

थर आडवे का? लाव्हा पातळ होता, मैलोन्‌मैल पसरला, म्हणून.

थरांच्या मधे जागोजागी तांबडा पट्टा दिसतो, तो मला सगळ्यात बोलका वाटतो. नखानं खरवडला तरी माती निघते. खालचा थर थंड झाला, ऊन-पाऊस खात त्याचा माथा कुजला, आणि मग त्यावर पुढचा तापलेला लाव्हा आला. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. दगडाची माती व्हायला लागणारा वेळ एका वर्षाच्या प्रलयात बसवायचा कसा? तेही सगळं पाण्याखाली असताना?

कोयनेचा पुरावा तर शेजारच्या सातारा जिल्ह्यातलाच आहे. 1967 च्या भूकंपानंतर हा भाग जगभरच्या अभ्यासकांचा झाला आणि पुढे तिथे खोल बोअर घेतले गेले. त्यातल्या एकात सुमारे 930 मीटर बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला हाच काळा दगड, लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. मधे गाळाचा थरच नाही. साऱ्या पृथ्वीवर गाळ पसरवणारा प्रलय इथे काहीच ठेवून गेला नाही, असं कसं होईल?

कार्बन डेटिंगचा मुद्दा मुळातच गैरलागू आहे. ती पद्धत फार तर 50 हजार वर्षांपर्यंतच्या लाकडा-हाडांसाठी. बेसाल्टचं वय दगडातल्या पोटॅशियमपासून हळूहळू तयार होणाऱ्या आर्गॉन वायूवरून काढतात, आणि ते साधारण 6.6 कोटी वर्षं येतं.

राहिली मनूची कथा. शतपथ ब्राह्मणातली ती गोष्ट मला लहानपणापासून प्रिय आहे. पण नदीकाठच्या माणसांकडे पुराच्या गोष्टी असणारच, आमच्याकडेही 2005 च्या आणि 2019 च्या आहेत. पूर वेगवेगळे, आठवणीही वेगवेगळ्या.

आणि यात ख्रिस्ती श्रद्धेचा अपमान आहे असं कुणी समजू नये. केंब्रिजचे भूवैज्ञानिक ॲडम सेजविक स्वतः धर्मोपदेशक होते. युरोपभर विखुरलेली वाळू-खडी नोहाच्या प्रलयाची, असं तेही मानत. 1831 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी भर सभेत ते मत मागे घेतलं, आणि धर्मोपदेशक ते शेवटपर्यंत राहिले.