‘स्वप्नरंजन’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. वेबसाइटांवर बसवलेल्या स्क्रिप्टने कुठली ऑपरेटिंग सिस्टिम किती वापरली जाते ते मोजणारी सेवा म्हणजे स्टॅटकाउंटर. तिच्या आकड्यांवरून मी लेखात लिहिलं होतं, की भारतात १५ टक्के डेस्कटॉप लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टिम) चालतात. त्यावरची आपली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो: ‘स्टॅटकाउंटर पानं मोजतं, माणसं नाही. मोबाइलवर डेस्कटॉप साइट लावली की तोही लिनक्स म्हणून जातो. भारतात १५ टक्के डेस्कटॉप लिनक्सवर, हे लिनक्सवाल्यांचं नेहमीचं स्वप्नरंजन.’

पहिलं मान्य. ‘दर सात संगणकांमागे एक’ असं मी लिहायला नको होतं, ‘उघडलेल्या दर सात पानांमागे एक’ हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण स्वप्नरंजन? आणि वर ‘नेहमीचं’? अहो, उबंटू नावाच्या लिनक्सच्या फुकट सीडी टपालाने यायच्या ना, त्या २००६ सालापासून मी लिनक्स वापरतोय. मोडेम ओळखला जायचा नाही, मराठी जोडाक्षरं फुटायची, आवाज सुरू झाला की प्रिंटर बंद पडायचा. स्वप्नं कसली, जागरणंच झाली. तेव्हा आपण कुठे होतात, हे विचारत नाही.

शिवाय पानं मोजली तर तोटा आमचाच. जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन माझ्या ब्राउझरमध्ये कायम चालू असतं. ते स्टॅटकाउंटरची स्क्रिप्टच चालू देत नाही. म्हणजे एवढ्या वर्षांचा वापरकर्ता असून मी त्यांच्या खात्यात शून्य. नेट अ‍ॅप्लिकेशन्सवाले, म्हणजे अशीच मोजणी करणारी दुसरी कंपनी, एक पाहुणा दिवसातून एकदाच धरायचे, देशोदेशीच्या नेट वापरणाऱ्यांच्या संख्येनुसार हिशोबही जुळवायचे. २०२० साली त्यांनी ते बंद केलं. त्यांच्याकडे लिनक्स कमी दिसायचं, ठाऊक आहे. तो विषय काढू नका.

राहता राहिला मोबाइल. काल रात्री फोनवर क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करून हाच ब्लॉग उघडला. सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ आली: ‘एक्स११, लिनक्स एक्स८६_६४’. म्हणजे लिनक्सवरचा डेस्कटॉप, अँड्रॉइडचं नावसुद्धा नाही. ठीक आहे, होतं तसं. पण रोज असं करतं कोण? बायको म्हणाली, ‘मी करते की, वीजबिल भरताना.’ आता एका घरातल्या सवयीवरून अख्ख्या देशाचं गणित मांडायचं असेल, तर बोलणंच खुंटलं.

यापुढची प्रतिक्रिया सभ्य शब्दांत असेल तरच प्रकाशित करीन.