खुलासा : नुसता मोठा टर्बो टाकून गाडी पळत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय: ‘मोठा टर्बो टाका, बाकी काही बदलू नका.’ हे साफ चूक आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. पेट्रोल गाडीत हवा वाढली आणि इंधन फवारणारे इंजेक्टर पुरे पडले नाहीत, तर मिश्रणात इंधन कमी पडतं (मिश्रण पातळ होतं), नॉकिंग म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके बसणं सुरू होतं, शेवटी पिस्टन वितळतो. इंजेक्टर, इंधनपंप आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यूनिंग सोबतच हवं. भुसावळच्या ४५ अंशांत टर्बोतली गरम हवा थंड करणारा चांगला इंटरकूलर तर आधी.

आणि टर्बोला तेल पोचवणारी ऑइल लाइन! कार्बनने चोंदलेली जुनी लाइन ठेवली की नव्या टर्बोचं बेअरिंग तेलावाचून जळतं. लाइन नवीच घ्या. तिच्या फ्लँजला (जोडाच्या चकतीला) सिलिकॉन लावू नका, त्याचा तुकडा सुटून तेलाचं छिद्र बुजवतो. बसवताना टर्बोत स्वच्छ तेल ओता, इंजिन चालू होऊ नये म्हणून इंधनपंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा, मगच फ्यूज परत लावून इंजिन चालू करा.