नव्या सागरात नवसागर कशाला?

समुद्री माशांसाठी नवी टाकी आणली, पाणी भरलं, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने मीठ विरघळवलं, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने १.०२५ दाखवलं. आता उरली फक्त माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियाची बाटली. ती लेबल बघूनच घ्यावी. ज्या लेबलावरचा क्लाउनफिश सर्वांत प्रसन्न, त्या बाटलीतले बॅक्टेरिया सर्वांत कामसू.

आत नेमकं कोण आहे, असल्या चौकशा करू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या मंडळींना बीजाणू करून झोपून राहता येत नाही. ती बाटलीतही जिवंतच असावी लागतात आणि थंडाव्यात जास्त टिकतात. फळीवर वर्षानुवर्षं सुखात राहणाऱ्या बाटल्यांत बऱ्याचदा बॅसिलसच्या जातीचे बॅक्टेरिया असतात. ते उरलंसुरलं अन्न, घाण खातात आणि त्यातून अमोनियाच सोडतात. म्हणजे पंगतीला माणसं भरपूर, खरकटं काढायला कोणी नाही. पण लेबल सुंदर होतं ना?

फ्रिजमध्ये बाटल्या ठेवणारा दुकानदार उगाच विजेचं बिल वाढवतो. त्याच्याकडे जाऊ नका. ऐन मे महिन्यात ऑनलाइन मागवा. गोदाम, टेम्पो, मग वॉचमनच्या केबिनचा पत्रा, असा चार दिवसांचा शेक मिळू द्या. घरी आल्यावर दया आलीच तर बाटली फ्रीजरमध्ये ठेवा. उकाड्यातून वाचलेले गोठून जातील.

फ्रिट्झ टर्बोस्टार्ट या बॅक्टेरियाच्या बाटल्यांवर आकडे असतात: ७०० गोड्या पाण्याची, ९०० खाऱ्या. दुकानात ७०० शिल्लक असेल तर तीच उचला. दोनशेचाच तर फरक.

ओतण्याआधी बाटली हलवू नका, तळाचा गाळ तळालाच शोभतो. जंतू मारणारा यूव्ही दिवा आणि फेस करून घाण काढणारा स्किमर मात्र जोरात चालू हवेत. बॅक्टेरियांना दगडावर आणि वाळूवर बस्तान बसवायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात यूव्हीने त्यांना भाजावं आणि स्किमरने फेसाबरोबर कपात जमा करावं. पाणी नळाचं, क्लोरीनसकट असेल तर यूव्हीचीसुद्धा गरज नाही.

मग त्यांना जेवायला काय? काही जण १०० लिटरला ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, काट्यावर तोलून घालतात. अमोनिया साधारण २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होतो. तुम्ही तोलत काय बसता, मुठीने घाला. ५ पीपीएमच्या पुढे खुद्द बॅक्टेरियाच गुदमरायला लागतात, पण पाहुण्याला आग्रह हवाच. नवसागर कल्हईवाल्याकडचा चालेल. त्याबरोबर तांबं वगैरे आलं की नाही, हे पुढे कोळंब्या मरून सांगतीलच.

याहून सोपं म्हणजे पहिल्याच दिवशी मासा सोडणं. खाऱ्या टाकीतल्या पीएच ८.२ ला अमोनियाचा विषारी हिस्सा पीएच ७ च्या मानाने दहापटीहून जास्त असतो, तेव्हा माशाला निकाल पाणी तपासायच्या किटच्या आधी कळतो. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका. भलतेच बॅक्टेरिया माजले आहेत आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवताहेत, एवढंच. झोपमोड नको म्हणून रात्री पाणी खेळवणारा पंप, म्हणजे पॉवरहेड, बंद करा.

टेस्ट किट घेतलंच असेल तर थेट नायट्रेट मोजा. पाण्यात नायट्राइट असलं की नायट्रेटचं किट आकडा फुगवून सांगतं. ‘सायकल झाली’, म्हणजे बॅक्टेरियांचं बस्तान बसलं, म्हणून फोटो टाकायला तेवढं पुरे. २ पीपीएम अमोनिया घालून २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात का, हे तपासत बसणारे चिकट लोकही आहेत. त्यांच्या टाकीत दोन-तीन आठवडे नुसते दगड. सत्यनारायणाला आलेल्यांना दाखवणार काय, मीठ?

इतकं करून मासा आडवा झालाच, तर दोष बाटलीचा. पाणी बदलायच्या भानगडीत न पडता पुन्हा दुकान गाठा आणि या खेपेला दोन्ही बाटल्या एकदम ओता. ७०० आणि ९०० मिळून होतात १६००.