तू येतलस काय विमानान?

घरच्या ग्रुपवर दहा दिवस एकच विषय चालू आहे. माझा पुतण्या, वय सोळा, आणि त्याचे तीन मित्र दिवाळीच्या सुट्टीत कयाकने मालवणहून विजयदुर्गला जायचं म्हणतायत. आचरा, मिठबाव, कुणकेश्वर, देवगड असे मुक्काम. पोराने वहीचं पान आखून त्याचा फोटो टाकला होता: भरती-ओहोटीच्या वेळा, प्रत्येकी किती पाणी, रात्री कोणाच्या आत्याकडे पथारी. खाली पन्नासेक मेसेज आले. भरती-ओहोटीबद्दल त्यात एकही नव्हता.

दादाने लिहिलं, ‘सीईटी कोण देतलो? दर्यो?’ वहिनींनी नुसते हात जोडले. चुलत आत्याने 2016 ची मुरूडची बातमी शोधून काढली, सहलीला आलेली पुण्याची कॉलेजची मुलं बुडाली ती. माझं डोकं तिथे फिरलं. ती मुलं कुठल्या मोहिमेला निघाली नव्हती, सहलीत पाण्यात उतरली होती. त्या बातमीवरून पोरांना समुद्र शिकवायला हवा असं कोणाला वाटत नाही, समुद्रापासून लांब ठेवायला हवं एवढंच वाटतं. आमच्याकडे पोहता येईपर्यंत पाण्यात उतरायचं नसतं. मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर दर वर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, राज्यभरातून पोरं येतात. आमच्या घरातलं एकही कधी उतरलं नाही. आम्ही काठावर वडापाव खात टाळ्या वाजवल्या. आणि हाच पुतण्या लायसन्स नसताना, मागे दोघांना बसवून, हायवेने कणकवलीपर्यंत स्कूटर हाणतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर ग्रुपवर एक मेसेज? गाडीला पेट्रोल दादाच घालतो.

मी इकडचं, नेदरलँड्सचं सांगायला लागलो की लोक वैतागतात, तरी सांगतो. माझ्या मुलीचा पोहण्याचा पहिला, ए डिप्लोमा सहाव्या वर्षी झाला, कपड्या-बुटांसकट. शाळेला डाइकवरून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावरून, सायकलने जाते, वारा नेमका समोरून. अकराव्या वर्षी ड्रॉपिंगला गेली (रात्री पोरांना जंगलात सोडतात, वाट त्यांनीच शोधायची), रात्री दोनला चिखलाने भरून परत आली आणि सूप पिऊन झोपली. यात कोणाला काही शौर्य वाटत नाही.

इकडच्याच लॉरा डेकरचं उदाहरण तर मी ग्रुपवर तीनदा दिलं. तेरा वर्षांची असताना, 2009 मध्ये, ती म्हणाली मी शिडाच्या बोटीने एकटी जगप्रदक्षिणा करणार. बापाची हरकत नव्हती, सरकारची होती. कोर्टाने तिला बालकल्याणवाल्यांच्या देखरेखीखाली ठेवलं. वर्षभर भांडण चाललं, मधे ती घरातून पळून थेट कॅरिबियनमध्ये सापडली. पण त्या वर्षात बोट मोठी झाली, प्रथमोपचार शिकून झाले, एकटीने तुकड्यातुकड्याने झोपायचा सराव झाला, शाळेचा अभ्यास बोटीवरून कसा करायचा ते ठरलं. 2010 मध्ये, पंधरावं पुरं व्हायच्या आत निघाली. जानेवारी 2012 मध्ये सोळाव्या वर्षी पोचली. मला जे म्हणायचंय ते एवढंच: ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी कागद तरी वाचावा, आणि काय कमी आहे ते सांगावं. आणि हे गोऱ्यांचंच काम असंही नाही. तेलंगणातली मालावत पूर्णा 2014 मध्ये तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली, सरकारी निवासी शाळेतली मुलगी. आधी भोंगीरचे खडक, मग दार्जिलिंग, मग लडाख. कोणीतरी तिचा कागद वाचला होता.

दादा दोन दिवस गप्प होता. मग आला. ‘ती तुझी लॉरा मगे न्यूझीलंडाक ऱ्हवाक गेली मा? तुझ्या हॉलंडात कित्याक नाय ऱ्हवली?’ आणि पाठोपाठ, ‘2019 ची दिवाळी इसारलस? क्यार?’

विसरलो नव्हतो, पण सोयीने बाजूला ठेवलं होतं. त्या दिवाळीत क्यार वादळ लांब समुद्रात होतं तरी देवबागेत घरांत पाणी शिरलं. म्हणजे भरतीचं पान आखणाऱ्या पोराचीही तारीख चुकली होती, आणि ती चूक दाखवणारा पहिला माणूस दादा निघाला. मी घाईघाईने जानेवारी सुचवला. तेव्हा त्याने लिहिलं, ‘पोराक काय झाला तर तू येतलस काय विमानान?’

यावर उत्तर नाही. आप्पांच्या वेळीही मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो होतो.

आता एक गोष्ट ग्रुपवर लिहिलेली नाही ती. त्या ड्रॉपिंगच्या रात्री मी गाडी घेऊन गेलो होतो. जंगलाच्या कडेला दिवे बंद करून तीन तास बसलो. काचेवर आतून वाफ धरायची, मी बाहीने पुसायचो. एकदा चार बॅटऱ्या झाडांतून हलताना दिसल्या, मुली मोठ्याने हसत होत्या, त्यात तिचं हसणं ओळखू आलं. मी सीटवर खाली घसरलो, दिसू नये म्हणून. दांडीच्या किनाऱ्यावर लहानपणी रापणीत एकदा मासळीबरोबर माणूस आला होता. जाळं ओढणाऱ्यांचे हात एकदम थांबले, आणि दादाने माझे डोळे झाकले. तो स्वतः बघत राहिला. इकडचा पासपोर्ट घेतला तरी ते हात डोळ्यांवर आहेतच. मुलीला यातलं काही माहीत नाही; तिच्या लेखी तिचा बाबा इतर बाबांसारखाच, जरा जास्त फोन करणारा.

काल पुतण्याने मला वेगळा मेसेज केला. ‘काका, जानेवारीत मतलय किती वाजेपर्यंत गावता?’ दहापर्यंत, असं टाइप केलं. मग पुसलं. पहाटेच्या त्या वाऱ्यावर किल्ल्याच्या मागे आम्ही होडी न्यायचो, पण वल्ही दादाकडे असायची. मी पुढे बसून ओकायचो.

‘बाबांक इचार,’ लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या. ग्रुपवर अजून शांतता आहे.