क्लासिकला हात लावू नका म्हणे!

सोलापुरात मे महिन्यात संध्याकाळी सहालाही रस्त्याची धग चपलेतून वर येते. तरी वाचक मंडळाला माणसं येतात, पंख्याखालच्या खुर्चीवरून थोडं राजकारण होतं, चहा होतो आणि मग कुणीतरी सुरू करतं, 'इतकं देखणं पुस्तक, वाट लावली हो त्या बाईनं!' देखणं पुस्तक म्हणजे शार्लट ब्राँटेचं १८४७चं 'जेन एअर'. वाट लावणारी बाई म्हणजे जीन ऱ्हीस, आणि तिचा गुन्हा म्हणजे १९६६चं 'वाइड सारगॅसो सी'. 'जेन एअर'मध्ये अनाथ जेन थॉर्नफील्डच्या वाड्यात शिकवणीला येते आणि मालक रॉचेस्टरच्या प्रेमात पडते; त्याच वाड्याच्या माळ्यावर वेडी म्हणून कोंडलेली त्याची पहिली बायको बर्था तिथं येण्याआधी कोण होती, एवढंच ऱ्हीसनं सांगितलंय. दीडशेच्या आसपास पानं. तेवढीही न वाचता माणसं तासभर तावातावानं बोलतात. कुठल्या पानावर वाट लागली ते विचारा. उत्तर येतं, 'एकंदरीतच.' एकंदरीत हे काय प्रकरणाचं नाव आहे का?

सगळ्यांत मोठा आवाज असतो तो घरी काचेच्या कपाटात 'मृत्युंजय' ठेवणाऱ्यांचा. सावंतांनी १९६७ साली कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण अशा सगळ्यांना 'मी' म्हणून बोलायला लावलं, तर आपण डोळे पुसत वाचलं आणि दिसेल त्या समारंभात भेट म्हणून वाटलं. खांडेकरांच्या १९५९च्या 'ययाति'त देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. त्याला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये भीष्मालासुद्धा सोडलं नाही, तरी साहित्य अकादमीनं पुरस्कार दिला. व्यासांचा अपमान झाला म्हणून कुणी उठून गेलं नाही. म्हणजे आपलं महाभारत उलटून पाहिलं तर प्रतिभा आणि इंग्रजी कादंबरीला एक प्रश्न विचारला की विटंबना. ज्या गावानं १९३० साली मार्शल लॉ भोगला, ज्या गावाच्या चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत, त्या गावाला एका इंग्रज जमीनदाराची केवढी ही काळजी!

'पण मूळ पुस्तकात असलं काही नाहीच,' हे दुसरं पालुपद. नाही कसं? मूळ पुस्तक तरी नीट वाचलंय का? एकूण अडतीस प्रकरणं. अकराव्यात तिसऱ्या मजल्यावरून ते विचित्र हसू ऐकू येतं. पंधराव्यात रॉचेस्टरचं अंथरूण पेटतं. विसाव्यात बर्थाच्या भावाला, रिचर्ड मेसनला, चावे आणि सुरीचे वार. पंचविसाव्यात जेनच्या लग्नाचा बुरखा टराटरा फाडला जातो. सव्विसाव्यात भर चर्चमध्ये जेन आणि रॉचेस्टरचं लग्न थांबतं आणि बर्था डोळ्यांना दिसते. सत्ताविसाव्यात रॉचेस्टर त्याची कैफियत देतो. छत्तिसाव्यात खानावळवाला सांगतो की घर जळालं आणि ती गच्चीवरून उडी टाकून मेली. एवढ्या सगळ्यात तिच्या तोंडचं थेट वाक्य एकही नाही. एकदाच, तेही मेसन सांगतो म्हणून, आपल्याला कळतं की ती नेमकं काय बोलली. पुस्तकाचं सगळं कथानक जिच्यावर फिरतं तिला ब्राँटेनं बोलूच दिलेलं नाही. हे भोक मूळ कापडातच आहे, ऱ्हीसनं कात्री लावलेली नाही.

सव्विसावं प्रकरण जरा जवळून बघा. बिनखिडकीची खोली, जाळीमागं विस्तव, तिला सांभाळणारी ग्रेस पूल पातेल्यात काहीतरी शिजवतेय आणि अंधाऱ्या टोकाला काहीतरी मागं-पुढं धावतंय. जेन ज्या सर्वनामानं तिचं वर्णन सुरू करते ते मराठीत 'ती' नाही, 'ते' आहे. ते जनावर आहे की माणूस हे कळत नव्हतं, ते चार पायांवर होतं, ते गुरगुरत होतं, त्याच्या अंगावर कपडे होते. अनुवादकाला तिथं ठरवावंच लागतं, 'ते' ठेवायचं की 'ती' करायची. 'ती' केलं की सगळी वीज जाते, कारण मग ती बाई होते. जी जेन लहानपणी लाल खोलीत कोंडलं म्हणून आयुष्यभर विसरत नाही, तीच जेन दुसरीला कोंडलेलं बघून 'ते' म्हणते. हे ज्याला टोचलं नाही त्यानं प्रीक्वेलवर, म्हणजे आधीची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकावर, मत द्यायची घाई करू नये. ऱ्हीस स्वतः १८९०ची, डॉमिनिका बेटावरची, सोळाव्या वर्षी इंग्लंडात आलेली. तिला टोचलं. एवढाच तिचा अपराध.

मग येतो तो लाडका मुद्दा: 'बिचाऱ्याला फसवलं हो, वेडी मुलगी गळ्यात मारली.' बिचारा! सत्ताविसावं प्रकरण काढा. हुंडा तीस हजार पौंड. रॉचेस्टरच्या बापाला इस्टेटीचे तुकडे करायचे नव्हते, सगळी थोरल्या रोलंडला द्यायची होती, म्हणून धाकट्याला जमैकाला धाडलं. आणि मुलीच्या आईच्या वेडाची भानगड बापाला आणि भावाला ठाऊक होती, त्यांनी फक्त तीस हजारांकडे बघितलं, हे कोण सांगतं? स्वतः रॉचेस्टर सांगतो, मूळ पुस्तकात. म्हणजे फसवणाऱ्यांत त्याचे घरचेच. तरी आपल्याकडची मंडळी मुलीकडच्यांनाच शिव्या देतात. हुंडा घेणारा तो बिचारा आणि देणारी ती लबाड, हे गणित आपल्याला अगदी तोंडपाठ आहे, त्यासाठी ब्राँटेची गरज नव्हती.

ऱ्हीस त्याच पैशाला हात घालते. मुलीच्या नावावर काहीच लिहून ठेवलेलं नाही म्हणून मावशी कोरा रिचर्डशी भांडते, तिच्यासाठी कायदेशीर तजवीज करा म्हणते. रिचर्ड उडवून लावतो. वेगळी लिखापढी नसेल तर त्या काळी बायकोचा पैसा सरळ नवऱ्याचा व्हायचा. घटस्फोट म्हणाल तर १८५७च्या आधी त्यासाठी पार्लमेंटमध्ये स्वतंत्र विधेयक लागायचं, आणि वेड हे कारण इंग्लंडच्या कायद्यात १९३७ साली आलं. आता ऱ्हीसच्या तिसऱ्या भागात या. विसाव्या प्रकरणातले तेच चावे, तोच मेसन. ग्रेस पूल तिला सांगते की तो आधी बरा बोलत होता; 'नवरा-बायकोच्या मध्ये मला कायद्यानं पडता येत नाही' असं म्हणाला आणि 'कायद्यानं' हा शब्द येताच तू त्याच्या अंगावर धावलीस. एक शब्द! शंभर वर्षं ज्याला वेडाचा झटका म्हणत आले त्याला ऱ्हीसनं एका शब्दात कारण दिलं, मूळ प्रसंगाचा एक दगड न हलवता. याला वाट लावणं म्हणतात? सोलापुरी चादर उलटी करून बघितली तर नक्षी तीच असते, रंगांची अदलाबदल झालेली असते. घरोघरी हीच चादर पांघरतो आणि पुस्तकाला मात्र उलटी बाजू नको.

'नाव का बदललं? ती बर्था आहे, मग ही आंत्वानेत कुठून काढली?' हे ऐकलं की डोकंच फिरतं. एक तर नाव मूळ पुस्तकातलंच आहे. चर्चमध्ये वकील जे वाचून दाखवतो त्यात ती बर्था आंत्वानेता मेसन आहे. दुसरं, प्रीक्वेलमध्ये तिला बर्था म्हणायला सुरुवात नवरा करतो, त्याला ते नाव आवडतं म्हणून. ती म्हणते हे माझं नाव नाही, दुसऱ्या नावानं हाक मारून तू मला दुसरीच कुणीतरी करतोयस, हीसुद्धा करणीच आहे. आणि हे कळत नाही कुणाला? ज्यांच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यामुलानं अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी वाकून वाकून वाचलं, फोटो काढले, त्यांना! शेजारी बसलेल्या चार काकूंची माहेरची नावं विचारा, दोघी क्षणभर थांबून सांगतील. तरी म्हणे हा विषय परका आहे, आपल्या वाचकाला जवळचा वाटत नाही.

क्रिओल शब्दाचा घोळ तर विचारू नका. निम्मे म्हणतात ती काळी होती म्हणून कोंडली, उरलेले म्हणतात मिश्र रक्ताची. त्या काळी वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या गोऱ्यालाही क्रिओल म्हणत. ऱ्हीसची आंत्वानेत गोऱ्या मळेवाल्याची मुलगी आहे. बेटावरचे काळे लोक तिला 'पांढरं झुरळ' म्हणून हिणवतात आणि इंग्लंडहून आलेले गोरे तिला आपली मानत नाहीत. इकडची नाही, तिकडची नाही. हे सोलापूरला समजावून सांगावं लागावं? ज्या शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, दुकानात मराठी, बाजारात कानडी आणि दखनी चालते, जिथं पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या माणसालाही 'तुम्ही मूळचे कुठले हो?' विचारतात, आणि मूळच्या गावी गेला तर तिथले 'सोलापूरवाले आले' म्हणतात? पुण्या-मुंबईच्या वाचकाला एक वेळ तळटीप लागेल. तुम्हाला कशाला लागते?

बारीक चुका तर ढिगानं. 'सगळं जमैकात घडतं.' नाही घडत. बालपणीचं घर कुलिब्री जमैकात, पण मधुचंद्राचं ग्रांबुआ दुसऱ्याच बेटावर आहे. 'रॉचेस्टरला खलनायक केलाय.' दुसऱ्या भागाचं बहुतेक निवेदन त्याच्याच तोंडी आहे, बापानं आपल्याला विकलं ही त्याची जखमही तिथं आहे, आणि त्याचं नाव पुस्तकात एकदाही येत नाही. पण पहिल्या भागात कुलिब्री जळालं, पंख छाटलेला पोपट होरपळून पडला, की माणसं तिथंच पुस्तक मिटतात आणि बाकीचं मोबाईलवरच्या सारांशावर भागवतात. 'तो सारगॅसो समुद्र नक्की कुठल्या प्रकरणात येतो?' असंही विचारतात. येत नाही, काका. तो अटलांटिकमधला शेवाळानं भरलेला, कुठलाच किनारा नसलेला समुद्र आहे. वेस्ट इंडीज आणि इंग्लंडच्या मध्ये कुठंतरी. आता बसा विचार करत.

बरं, खऱ्या तक्रारी करता येत नाहीत असंही नाही. तारखांचीच घ्या. 'जेन एअर'च्या बत्तिसाव्या प्रकरणात स्कॉटचं 'मार्मियन' नुकतं आलेलं पुस्तक म्हणून येतं, ते १८०८चं. रॉचेस्टरचं लग्न त्याच्या पंधरा वर्षं आधीचं, म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटाला. ऱ्हीसची गोष्ट मात्र गुलामगिरी बंद झाल्यावर, १८३४नंतर सुरू होते. मळेवाले सरकारी भरपाईची वाट बघत दारिद्र्यात बसलेत. चाळीसहून जास्त वर्षांची सरळ तफावत. ती मुद्दाम केलीय, कारण मळ्यांची ती पडझड नसेल तर आंत्वानेतचं एकटेपण उभंच राहत नाही. तरी हा आक्षेप रास्त आहे. वयाचंही तसंच: मूळात बर्था रॉचेस्टरहून पाच वर्षांनी मोठी, वय लपवलेली, इथं ती लहान आहे. मूळात रिचर्ड सख्खा भाऊ, इथं सावत्र बापाचा मुलगा. आणि सर्वांत जड आक्षेप समीक्षक गायत्री स्पिव्हाकनं १९८५ साली घेतला: गोऱ्या आंत्वानेतला आवाज मिळाला, पण रॉचेस्टरला तोंडावर सुनावणारी तिची काळी दाई क्रिस्तोफीन दुसऱ्या भागातच निघून जाते, तिला पुस्तकात पुढं जागा नाही. यावर भांडा ना! दोन तास भांडा, चहाचा दुसरा राउंड आमच्याकडून. पण यातलं एकही कुणी बोलत नाही. 'भाषा जड आहे' आणि 'शेवट कळला नाही' यावर बैठक संपते.

शेवट कळणारच नाही, उलट्या क्रमानं वाचलं तर. बारीक पुस्तक आहे म्हणून आधी ऱ्हीस उरकतात, मग 'जेन एअर' हातात घेतात आणि सव्विसाव्या प्रकरणाचा धक्काच बसला नाही म्हणून पुन्हा ऱ्हीसलाच शिव्या. मधेच कुणी शेवट सांगितला की 'सस्पेन्स फोडला' म्हणून रुसतात. १८४७चं पुस्तक आहे हो, कालची वेब सिरीज नाही! आधी 'जेन एअर' पूर्ण, अडतीसच्या अडतीस प्रकरणं. मग ऱ्हीस, शक्यतो दोन-तीन बैठकांत, कारण दुसऱ्या भागात निवेदक मधेच बदलतो आणि आठवडाभर खंड पडला की कोण बोलतंय याचा पत्ता लागत नाही. ऱ्हीस शेवटी आग लावून दाखवत नाही. स्वप्नातून जागी झालेली ती मेणबत्ती हाताच्या आडोशानं जपत अंधाऱ्या वाटेनं निघते आणि पुस्तक थांबतं. पुढचं छत्तिसाव्या प्रकरणात आहे, तिथं परत जायचं. जाताना वाटेत पंधरा, वीस, पंचवीस हीही पुन्हा चाळायची. तासाभराचं काम.

आणि पुढच्या बैठकीला पुस्तक घेऊन या, नुसता मोबाईल नको. सव्विसावं प्रकरण उघडा आणि त्या खोलीच्या वर्णनात 'ते' कितीदा येतं तेवढं मोजा. खुणा पेन्सिलनं करा, आणि त्याही वाचनालयाच्या प्रतीवर नको. त्या पानावर आधीच कुणीतरी निळ्या पेननं 'छान वर्णन!' असं लिहून ठेवलंय.