चंद्रावर जाताय? मज्जा आहे!

चंद्रावर जायचं ठरवलंत, उत्तम. फक्त रॉकेट, इंधन, अवकाशवीरांची भरती असल्या भानगडीत पडू नका. युरोपातल्या लेखकांनी दीडशे ते चारशे वर्षांपूर्वीच ही वाट इतकी सोपी करून ठेवलीय की घरच्या वस्तूंत भागतं.

सगळ्यात स्वस्त पडतं ते दव. सिरानो द बेर्जेराकच्या कथेत (१६५७, तेही लेखक वारल्यावर छापलेली) नायक दवाने भरलेल्या बाटल्या अंगाभोवती बांधतो. ऊन पडलं की दव वर जातं, मग बाटल्यांना बांधलेला माणूस का जाणार नाही? गेलाही. पण वाटेत काही बाटल्या फोडल्या आणि उतरला थेट कॅनडात. (व्हिसा कुणी विचारला नाही, तो काळच वेगळा.) पुढे एका यंत्रातून आपटला, मुका मार बसला, म्हणून अंगाला बैलाच्या हाडांतली मज्जा चोळली. मग सैनिकांनी त्या यंत्राला दारूचे बाण जोडले. बाण मध्येच विझले, यंत्र कोसळलं, हा मात्र वरच! कारण ओसरता चंद्र प्राण्यांची मज्जा शोषतो, अशी तेव्हाची समजूत. तेव्हा बाण विसरलात तरी चालेल, मज्जा हवीच. आणि निघा वद्य पक्षात. शुक्ल पक्षात नुसता अंगाला वास राहील.

शास्त्रशुद्ध प्रवास हवा असेल तर केप्लर. हो, ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा तोच. त्याच्या 'सोम्नियम'मध्ये (१६३४) वाहन म्हणून भूत आहे. ग्रहणात, सावलीतून, फार तर चार तासांत पोचवतं. प्रवासी मात्र पारखून घेतं: लठ्ठ बाद, सुखवस्तू बाद, जर्मनसुद्धा बाद, लेखक स्वतः जर्मन असून! पहिली पसंती वाळक्या म्हाताऱ्या बायकांना, ज्यांना लहानपणापासून रात्री बोकडावर बसून लांब लांब हिंडायची सवय आहे. निघताना अफू द्यायची, कारण धक्का तोफेतून उडवल्यासारखा. नाकाशी ओला स्पंज, कारण वाटेत हवा नाही. भूत वगळलं तर माणसाने सगळा विचार केलेला.

फक्त एक पथ्य पाळा. कथेतली आई जडीबुटी विकते आणि भूत बोलावते, असलं काही लिहू नका. केप्लरने लिहिलं. छापण्याआधीच हस्तलिखित हातोहाती फिरलं आणि त्याच्या खऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला भरला गेला. त्यात हस्तलिखिताचाही हात होता, असं केप्लरला वाटत राहिलं. सत्तरी ओलांडलेली ती बाई चौदा महिने कोठडीत होती. पोराने स्वतः बचाव लढवला तेव्हा १६२१ साली सुटली.

हंस पाळायला जागा असेल तर इंग्रज लेखक गॉडविनचा मार्ग (१६३८) आहे: हंसच ओढत नेतात, अकरा-बारा दिवसांत चंद्र. परतीला मात्र चीनमध्ये उतरावं लागेल.

दणदणीतच हवं असेल तर जूल व्हर्न, १८६५. फ्लोरिडात जमिनीत पुरलेली ९०० फुटी तोफ, सुटताना वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. आतले तिघे धक्का बसू नये म्हणून पाण्याच्या गादीवर. गणित करू नका. केलंच, तर वजन वीस हजार पटींच्या वर जातं, पण गादी आहे ना! परत कसे येणार, असं कुणी विचारलं तर कथेतल्या आर्दां नावाच्या प्रवाशासारखं सांगा, येणारच नाही म्हणून. कुठल्या ट्रॅव्हलवाल्याने इतकं स्वच्छ उत्तर दिलंय?

कुत्रा नेणार असाल तर मात्र जपून. पुढच्या भागात (१८७०) 'सॅटेलाइट' नावाचा कुत्रा उड्डाणाच्या दणक्याने डोकं फुटून मरतो. मंडळी खिडकी झटकन उघडतात, त्याला बाहेर ढकलतात, झटकन लावून घेतात. हवा जेमतेम चिमूटभर गेली, हिशेब चोख! नंतर काचेबाहेर काहीतरी दिसतं, हवा गेलेल्या पिशवीसारखं, चपटं. निरखून पाहतात तर तोच. त्याच वेगाने, शेजारीशेजारी, चंद्राकडे निघालेला. तेव्हा खरकटं, साली, रिकाम्या बाटल्या आतच ठेवा. बाहेर टाकाल ते मुक्कामापर्यंत खिडकीशीच राहील.